घराचा ताबा मागण्याआधी बँकेने बोलले पाहिजे

मराठी दैनिकांच्या आतल्या पानांवर बारीक अक्षरांत छापलेली ‘ताबा सूचना’ बहुतेक वाचक न वाचताच पान उलटतात. त्या चौकटीत कर्जदाराचे नाव, सहकर्जदाराचे नाव, थकलेली रक्कम आणि घराच्या चतुःसीमा दिलेल्या असतात. तारण मालमत्तेचा ताबा घेतल्यापासून सात दिवसांच्या आत अशी सूचना दोन प्रमुख वृत्तपत्रांत छापावी आणि त्यांपैकी एक स्थानिक भाषेतील असावे, असा नियमच आहे. एखाद्या कुटुंबाच्या घराविषयी त्या कुटुंबाच्या भाषेत काही सांगितलेच पाहिजे, अशी सक्ती कायदा करतो ती या टप्प्यावर, आणि तीही शेजारीपाजारी, नातेवाईक, मुलांच्या शाळेतले शिक्षक अशा सगळ्यांच्या देखत. त्याआधीच्या महिन्यांत, जेव्हा अजून बरेच काही करता येण्याजोगे होते तेव्हा, कर्ज देणाऱ्या संस्थेने कर्जदाराला समोर बसवून त्याची अडचण समजून घ्यावी आणि परतफेडीचे पर्याय लेखी मांडावेत, असे बंधन मात्र कायद्यात कुठेही नाही. राहत्या घराच्या बाबतीत ते असलेच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

घर हातचे जाण्याची प्रक्रिया कशी चालते हे नीट माहीत नसल्यामुळे लोक चुकीच्या वेळी घाबरतात आणि चुकीच्या वेळी निर्धास्त राहतात. पहिला हप्ता चुकला की ते खाते ‘विशेष उल्लेखित’ वर्गात जाते. थकबाकी तीस दिवसांपर्यंत असेल तर त्या वर्गाची पहिली पायरी, साठ दिवसांपर्यंत दुसरी आणि नव्वद दिवसांपर्यंत तिसरी. म्हणजे खाते घसरत आहे हे बँकेला पहिल्या दिवसापासून कळत असते. थकबाकी नव्वद दिवसांच्या पुढे गेली की खाते अनुत्पादक, म्हणजेच एनपीए ठरते. बहुतेक कर्जदारांना हा टप्पा इतर टप्प्यांसारखाच वाटतो, पण इथून पुढे सारेच बदलते. नव्वद दिवसांच्या आत एक-दोन हप्ते भरले तर घसरण थांबवता येते. एनपीए झाल्यावर मात्र व्याज आणि मुद्दल यांची संपूर्ण थकबाकी भरल्याशिवाय खाते पुन्हा नियमित करता येत नाही, हे रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे. चौथ्या-पाचव्या महिन्यात कसेबसे पैसे जमवून एक हप्ता भरणारा आणि ‘आता बँक थांबेल’ असे समजणारा माणूस प्रामाणिक असतो, पण त्याच्या त्या हप्त्याने खात्याचा दर्जा बदलत नाही. हे त्याला कोणी वेळेवर सांगितलेले नसते.

यानंतर २००२ च्या सरफेसी कायद्याखालील, म्हणजे न्यायालयात न जाता तारण ताब्यात घेण्याचा अधिकार बँकांना देणाऱ्या कायद्याखालील, कारवाई सुरू होते. कलम १३(२) नुसार साठ दिवसांत संपूर्ण देणे फेडण्याची मागणी नोटीस येते. तिच्यात चुकलेल्या तीन-चार हप्त्यांची नव्हे, तर सगळ्या उरलेल्या कर्जाची रक्कम लिहिलेली असते, आणि हा आकडा पाहूनच अनेकांचा धीर खचतो. वीस लाखांचे कर्ज असलेल्या माणसाला वाटते की वीस लाख तर आपल्याला उभे करता येणार नाहीत, मग उत्तर तरी कशाला द्यायचे. वस्तुतः याच साठ दिवसांत त्याच्या हाती कायद्याने दिलेले एक साधन असते. कलम १३(३अ) नुसार तो लेखी आक्षेप किंवा निवेदन देऊ शकतो, आणि ते मान्य नसेल तर बँकेला पंधरा दिवसांत कारणांसह उत्तर द्यावे लागते. या निवेदनात हिशेबातल्या चुका दाखवता येतात, नोकरी गेल्याचे किंवा आजारपणाचे कागद जोडता येतात, थकबाकी किती महिन्यांत भरता येईल याचा प्रस्ताव मांडता येतो. पुढे कर्ज वसुली न्यायाधिकरणात जाण्याची वेळ आली तर हेच कागद उपयोगी पडतात. मुदत संपली की कलम १३(४) नुसार बँक ताबा घेते. तो आधी बहुधा प्रतीकात्मक असतो, म्हणजे दारावर नोटीस चिकटते पण कुटुंब आत राहते. नंतर कलम १४ खाली जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा किंवा मोठ्या शहरांत मुख्य महानगर दंडाधिकाऱ्यांचा आदेश मिळवून पोलिसांच्या मदतीने प्रत्यक्ष ताबा घेतला जातो. या साऱ्या वाटेवर न्यायाधीशासमोर आपली बाजू मांडण्याची पहिली संधी कर्जदाराला मिळते ती ताब्याच्या कारवाईनंतर, कलम १७ खाली, कर्ज वसुली न्यायाधिकरणात, आणि त्यासाठी मुदत आहे पंचेचाळीस दिवसांची. दिवाणी न्यायालयाचे दार कलम ३४ ने बंद केलेले आहे. मुंबई, पुणे किंवा नागपूरच्या न्यायाधिकरणात जाऊन वकील लावणे हे ज्याचा हप्ताच थकला आहे त्याच्यासाठी किती अवघड आहे, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

हा कायदा कशासाठी आला हे लक्षात ठेवले पाहिजे. नव्वदच्या दशकात बँकांची मोठी कर्जे बुडत होती, दिवाणी दावे वर्षानुवर्षे चालत होते, आणि कर्ज बुडवणारे उद्योग न्यायालयाच्या दिरंगाईचा फायदा घेत होते. त्यावर उपाय म्हणून न्यायालयात न जाता तारण ताब्यात घेण्याचा अधिकार बँकांना देण्यात आला. २००४ मध्ये मार्डिया केमिकल्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरवला. पण न्यायाधिकरणात दाद मागण्याआधी देण्याच्या पंचाहत्तर टक्के रक्कम भरण्याची अट रद्द केली आणि कर्जदाराच्या आक्षेपाला कारणे देऊन उत्तर दिले पाहिजे असे सांगितले. म्हणजे आज कर्जदाराला जे थोडेफार संरक्षण आहे त्याचा बराचसा भाग एका रासायनिक कंपनीच्या दाव्यातून आलेला आहे. पुढे २०२० मध्ये पांडुरंग गणपती चौगुले विरुद्ध विश्वासराव पाटील मुरगूड सहकारी बँक या प्रकरणात घटनापीठाने सहकारी बँकांनाही हा कायदा वापरता येतो असा निर्णय दिला, आणि महाराष्ट्राच्या तालुक्या-तालुक्यांतील कर्जदार त्याच्या कक्षेत पक्के आले. कारखाना, गोदाम, व्यापारी गाळा आणि दोन खोल्यांचे राहते घर यांत हा कायदा भेद करत नाही. शेतजमिनीला तो लागू होत नाही, एक लाखापर्यंतच्या कर्जालाही नाही, आणि मुद्दल व व्याज मिळून वीस टक्क्यांपेक्षा कमी देणे उरले असेल तर तेव्हाही नाही. ही शेवटची सूट अनेक वर्षे हप्ते भरलेल्या ज्येष्ठ कर्जदारांना माहीत असायला हवी. राहत्या घरासाठी मात्र वेगळी तरतूद नाही.

कंपनी अडचणीत आली तर काय होते ते पाहा. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेनुसार अर्ज दाखल करून घेतला गेला की कलम १४ खाली स्थगिती लागू होते आणि तिच्या मालमत्तेवरची सरफेसीची कारवाईसुद्धा थांबते. कंपनी वाचवता येईल का याचा विचार करायला कायदा सवड देतो. त्याच संहितेतील व्यक्तींसाठीचा भाग मात्र कंपन्यांना वैयक्तिक जामीन राहिलेल्यांपुरताच लागू केला गेला आहे. पगारावर किंवा छोट्या धंद्यावर घर घेतलेल्या सामान्य माणसासाठी तो आजही अमलात आलेला नाही. कारखान्याला मिळणारी उसंत कुटुंबाला मिळू नये, याचे समर्थन कोणत्या तत्त्वावर करायचे, ते मला कळत नाही.

थकबाकीचे कारण दर वेळी कर्जदाराची बेफिकिरी असते, हा समजही तपासायला हवा. तरत्या, म्हणजे वेळोवेळी बदलणाऱ्या, व्याजदराचे एक उदाहरण घेऊ. मे २०२२ च्या सुरुवातीला रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो दर, ४ टक्के होता, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये तो ६.५ टक्के झाला. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी तरत्या दराची गृहकर्जे बाह्य मानदंडाशी, बहुधा रेपोशी, जोडलेली असल्यामुळे ही अडीच टक्क्यांची वाढ थेट कर्जदारापर्यंत पोहोचली. तीस लाखांचे, वीस वर्षांचे कर्ज ७ टक्क्यांनी घेतले असेल तर मासिक हप्ता सुमारे २३,२६० रुपये येतो. दर ९.५ टक्के झाला की तोच हप्ता सुमारे २७,९६० रुपये होतो, म्हणजे महिन्याला ४,७०० रुपयांची वाढ. हप्ता तेवढाच ठेवून मुदत वाढवावी म्हटले तर आणखी विलक्षण गोष्ट घडते: ९.५ टक्क्यांनी तीस लाखांचे एका महिन्याचे व्याजच २३,७५० रुपये होते, म्हणजे जुना हप्ता पूर्ण भरूनही कर्ज कमी होण्याऐवजी वाढत जाते. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने याची दखल घेतली. दर बदलल्यावर त्याचा परिणाम कर्जदाराला कळवावा, हप्ता वाढवायचा की मुदत याची निवड त्याला द्यावी, स्थिर दराकडे वळण्याचा पर्याय द्यावा (ही सक्ती ऑक्टोबर २०२५ पासून ऐच्छिक झाली), आणि मुदतवाढीमुळे कर्ज फुगत जाणार नाही हे पाहावे, असे तिने बँकांना सांगितले. हे परिपत्रक चांगले आहे. पण ते दर बदलतो तेव्हाचे आहे. माणसाची नोकरी जाते, कमावता माणूस अंथरुणाला खिळतो, घर ताब्यात मिळण्याआधीच बिल्डरचा प्रकल्प अडतो आणि भाडे व हप्ता दोन्ही भरावे लागतात, तेव्हाचे काय?

करोनाच्या काळात या प्रश्नाचे उत्तर आपण एकदा दिलेले आहे. मार्च २०२० मध्ये हप्त्यांना स्थगिती जाहीर झाली, ती ऑगस्टअखेरपर्यंत वाढवली गेली, आणि पुढे वैयक्तिक कर्जांच्या पुनर्रचनेसाठी विशेष चौकटही आखली गेली. त्यामुळे बँकिंग व्यवस्था कोसळली नाही. संकट सर्वांवर एकदम आले तर सवलत मिळते आणि एकाच घरावर आले तर नोटीस येते, ही विसंगती त्या अनुभवानंतर तरी संपायला हवी होती. ती संपली नाही, आणि याला बँकांचा निव्वळ कठोरपणा कारण नाही. सर्वसाधारण नियमानुसार अडचणीतल्या कर्जदाराच्या कर्जाची पुनर्रचना केली की ते खाते तत्काळ एनपीए धरले जाते. त्यामुळे तिसऱ्या महिन्यात समजूतदारपणा दाखवणाऱ्या शाखा व्यवस्थापकाला आपल्याच ताळेबंदावर डाग लावून घ्यावा लागतो, तर काहीच न करता थांबणाऱ्याला कोणी जाब विचारत नाही. नियमच असे असतील, तर माणसांकडून वेगळ्या वागण्याची अपेक्षा करण्यात अर्थ नाही.

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाणे योग्य नाही. बँकेचा पैसा ठेवीदारांचा असतो. निवृत्त शिक्षकाची ठेव आणि थकलेले गृहकर्ज या एकाच वहीच्या दोन बाजू आहेत, आणि सहकारी बँका बुडाल्यावर ठेवीदारांचे काय हाल होतात हे महाराष्ट्राने पाहिलेले आहे. शिवाय घराचे तारण पटकन वसूल करता येते म्हणूनच गृहकर्ज वैयक्तिक कर्जापेक्षा स्वस्त मिळते. वसुली अवघड केली तर पहिला फटका कमी उत्पन्नाच्या कर्जदारालाच बसेल, कारण त्याला कर्जच मिळणार नाही. हे सगळे खरे आहे, आणि म्हणूनच मी जप्तीवर बंदी मागत नाही. कर्ज फेडण्याची ऐपत असून न फेडणाऱ्याला घर ठेवू द्यावे असेही मी म्हणत नाही. पण लिलावाने ठेवीदाराचे हित साधते, हे मात्र दर वेळी खरे नसते. लिलावातल्या घराला त्याच्या मालकीच्या वादाचा, ताब्याच्या अनिश्चिततेचा आणि घाईचा भार असतो; खरेदीदार तो भार किमतीतून वजा करतो. राखीव किमतीला बोली आली नाही की पुन्हा लिलाव, पुन्हा जाहिरात, पुन्हा मूल्यांकन. त्यातून आलेली रक्कम देण्यापेक्षा जास्त असेल तर उरलेली कर्जदाराला परत मिळते हे खरे, पण ती कमी पडली तर घर जाऊनही उरलेले देणे त्याच्याच डोक्यावर राहते. सहाव्या महिन्यात हप्ता कमी करून पंधरा वर्षे नियमित फेड होत राहिली तर ठेवीदाराचा पैसा अधिक सुरक्षित असतो, हे साधे गणित आहे.

याच गणिताची दुसरी बाजू कर्जदारांनीही पाहिली पाहिजे. उत्पन्न कायमचे घटले असेल आणि घर ठेवणे खरोखरच शक्य नसेल, तर ते स्वतः विकणे हा पराभव मानू नये. स्वतः विकलेल्या घराला बाजारभाव मिळतो, कर्ज फिटते, आणि हाती उरलेल्या रकमेत लहानसे घर किंवा निदान काही वर्षांचे भाडे निघते. पण याला वेळेची मर्यादा आहे. कलम १३(२) ची नोटीस मिळाल्यावर कलम १३(१३) नुसार बँकेच्या लेखी संमतीशिवाय ते घर विकता येत नाही. म्हणजे विक्रीचा निर्णय नोटिशीच्या आधी घेतला तर वाट मोकळी असते, नंतर ती बँकेच्या हातात जाते. हप्ता भरण्यासाठी खासगी सावकाराकडून महिना तीन-चार टक्क्यांनी पैसे उचलणे, किंवा क्रेडिट कार्डावरून एक हप्ता ढकलणे, यांत हाच मोलाचा काळ वाया जातो आणि एका देण्याच्या जागी दोन देणी उभी राहतात. पहिला हप्ता चुकण्याची चिन्हे दिसताच शाखेत जाऊन लेखी अर्ज देणे, त्याची पोच घेणे, मुदतवाढ मागणे आणि कर्जाला विमा जोडलेला असेल तर त्याची कागदपत्रे काढून पाहणे, हे त्या आठवड्यातच करण्याचे काम आहे. वसुली प्रतिनिधीला सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करण्याची मुभा नाही. त्याने धमकावले तर बँकेकडे, आणि तिने दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. लाजेमुळे फोन बंद करून बसणे सर्वांत महाग पडते. पण ती लाज का वाटते हेही समजून घ्यावे: आपल्याकडे कर्ज थकणे हे चारित्र्यदोषाचे लक्षण मानले जाते, आणि बँकेच्या पहिल्या फोनचा सूरही बहुधा तसाच असतो.

एकरकमी तडजोडीबद्दल, म्हणजे ठरलेली रक्कम एकदम भरून कर्ज मिटवण्याबद्दल, एक सावधगिरी सांगितली पाहिजे. ती कर्जदाराचा हक्क नाही. ती द्यायची की नाही हे बँक ठरवते, आणि न्यायालय तिला ती देण्यास भाग पाडू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या डिसेंबरमध्ये बिजनौर अर्बन सहकारी बँकेच्या प्रकरणात म्हटले आहे. ‘शेवटी तडजोड होईलच’ या भरवशावर थकबाकी वाढू देणे म्हणूनच धोक्याचे आहे.

सर्वांत जास्त खटकते ती गोष्ट वेगळीच आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार गहाणदाराला, म्हणजे गहाण ठेवणाऱ्याला, पैसे देऊन आपली मालमत्ता सोडवून घेण्याचा हक्क दीर्घकाळ शाबूत राहत असे. सरफेसी कायद्यातही मुळात विक्रीसाठी ठरलेल्या तारखेच्या आधीपर्यंत सर्व देणे भरून घर सोडवता येत होते. २०१६ च्या दुरुस्तीने ही मर्यादा लिलावाची सूचना प्रसिद्ध होण्याच्या आधीपर्यंत मागे आणली, आणि २०२३ मध्ये बाफना मोटर्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्तीचा तसाच अर्थ लावला. नातेवाइकांनी लिलावाची जाहिरात वाचून पैसे गोळा केले आणि संपूर्ण देणे व्याजासह बँकेच्या टेबलावर ठेवले, तरी आता ते घेण्याचे बंधन बँकेवर नाही. लिलावात बोली लावणाऱ्या तिऱ्हाइताला खात्री मिळावी हा त्यामागचा हेतू समजण्यासारखा आहे. कारखान्याच्या लिलावात तो योग्यही असेल. पण ज्या घरात माणसे राहत आहेत, त्याचे पूर्ण पैसे मिळत असताना ते परक्याला विकावे, यात ना बँकेचे हित आहे ना ठेवीदाराचे. राहत्या घरापुरती तरी ही मर्यादा पूर्वीसारखी विक्रीच्या दिवसापर्यंत परत न्यायला हवी.

इतर देशांनी यावर काही विचार केलेला आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये घराच्या ताब्यासाठी न्यायालयात जाण्याआधी कर्ज देणाऱ्याने कर्जदाराशी चर्चा केली आहे, त्याचे प्रस्ताव विचारात घेतले आहेत, हे दाखवावे लागते, आणि ताबा हा शेवटचा उपाय मानला जातो. अमेरिकेत २००८ च्या गृहकर्ज संकटानंतर, २०१४ पासून, थकबाकी १२० दिवसांपेक्षा जास्त झाल्याशिवाय राहत्या घरावर जप्तीची प्रक्रिया सुरूच करता येत नाही. हे दोन्ही देश कर्ज बुडवणाऱ्यांचे लाड करण्यासाठी प्रसिद्ध नाहीत.

आपल्याकडे जे करायचे आहे ते फार मोठे नाही. खाते साठ दिवसांच्या थकबाकीत गेले की बँकेने कर्जदाराला बोलावून त्याच्या उत्पन्नाची चौकशी करावी आणि पुनर्रचना, मुदतवाढ, काही महिन्यांची सवलत किंवा स्वतः विक्री यांपैकी काय शक्य आहे ते त्याला समजेल अशा भाषेत लेखी द्यावे. ऑक्टोबर २०२४ पासून कर्ज देताना मुख्य अटींचे पत्रक कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत द्यावे लागते. मग घर ताब्यात घेण्याची नोटीस इंग्रजीतच का असावी? असा लेखी प्रस्ताव दिल्याचा पुरावा जोडल्याशिवाय दंडाधिकाऱ्यांनी सरफेसीच्या कलम १४ खालील अर्ज स्वीकारू नये. आणि स्वतः राहत्या घराच्या कर्जाची पहिली पुनर्रचना नव्वद दिवसांच्या आत झाली तर ते खाते एनपीए धरले जाऊ नये. यांतली पहिली आणि शेवटची गोष्ट करण्यासाठी संसदेची वाट पाहावी लागत नाही, रिझर्व्ह बँकेचे परिपत्रक पुरेसे आहे. दंडाधिकाऱ्यांसमोरची अट आणि घर सोडवण्याचा हक्क यांसाठी मात्र कायद्यात दुरुस्ती करावी लागेल. पतसंस्थांना सरफेसी लागू नाही. त्या सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला घेऊन नियम १०७ खाली जप्ती आणि विक्री करतात. तो कायदा आणि ते नियम महाराष्ट्राचे स्वतःचे आहेत, आणि राहत्या घराच्या विक्रीआधी निबंधकांसमोर परतफेडीची बैठक झालीच पाहिजे अशी तरतूद त्यांत करण्यासाठी राज्य सरकारला दिल्लीकडे पाहण्याची गरज नाही.